पोस्टरवरचा पैलवान

७ एप्रिल ७४, रविवार. शिराळा

हरलो. आणि असा हरलो की गावाला महिनाभर विषय पुरेल.

जत्रेच्या फडात जोड बरी लागली होती. आटपाडीकडचा गडी, वजनाला माझ्याएवढाच. सलामी झाली, खडाखडी झाली. तो उजवीकडून आत आला आणि माझ्या पायांनी मला न विचारता फुटबॉल सुरू केला. अंग टाकून घसरलो, थेट त्याच्या घोट्यात. पलटणीच्या टीममध्ये अकरा वर्षं लेफ्ट बॅक खेळलो, समोरून कोणी धावत आला की हेच करायचो. इथं बॉल नव्हता. मी उताणा. वर कहर म्हणजे पडल्या पडल्या हात वर करून ओरडलो, "रेफरी, फाउल!" पंचांना वाटलं, हार मानली. गडी आरामात छातीवर बसला.

अख्खं मैदान हसलं. आबा वस्ताद हसले नाहीत. "दत्ता, पायातला त्यो फुटबॉल काढ आदी," एवढंच.

८ एप्रिल

अंग ठणकतंय. पस्तिशी आली. पलटणीत पंधरा वर्षं भरली, टीममध्ये नवी पोरं आली, पेन्शनीवर घरी आलो. तेव्हा नुसता बसून बसून वेडा झालो असतो. या वयाच्या माणसाला तालमीत कोण घेतं? आबांनी घेतलं. लंगोट टांगायला खुंटी दिली. दोन वर्षं मातीत खेळलो. एक मोठी कुस्ती मारली नाही, पण सकाळी उठून जायला जागा मिळाली.

१२ एप्रिल

सांगलीहून रेगे नावाचे गृहस्थ आले. फ्रीस्टाईलच्या खेळांचे मॅनेजर. दोरीचं रिंगण, तिकीट, आणि जिंकणार कोण ते दुपारीच ठरलेलं. परवा जत्रेत होते म्हणे. "तुमच्यासारखा पडणारा माणूस मी मुंबईतसुद्धा पाहिला नाही." ही शाबासकी की थट्टा, कळेना.

सुमन आतून म्हणाली, "आवं, जावा की. आजपतोर फुकटच पडत आलायसा."

हो म्हटलं. आबांना सांगितलं नाही. सांगू सावकाश.

२१ एप्रिल. सांगली

सराव. खाली फळ्या, वर जाड कापड. पडताना तळहात आपटायचा, म्हणजे आवाज दणदणीत आणि मार कमी. बाकीच्यांना आठवडा लागला, मला एक सकाळ. किती दिवसांनी अंगाला काही आपसूक जमलं! मातीत दर डावाला पायांची समजूत घालावी लागते. परतताना एसटीत गाणं गुणगुणत होतो, शेजारचा माणूस सरकून बसला. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

५ मे. आटपाडी

पहिला खेळ. ठरल्याप्रमाणे तिसऱ्या फेरीत समोरच्यानं मला उचलून आदळलं. काय आवाज आला! लोक उभे राहिले. एक म्हातारबा दोरीपाशी येऊन मला म्हणाले, "लागलं न्हाई न्हवं, लेकरा?" पाया पडलो त्यांच्या.

१६ मे. शिराळा

स्टँडवर पोस्टर लागलं, २५ तारखेच्या सांगलीच्या खेळाचं. "पैलवान दत्ता शिराळकर." माझ्याआधी गावानं वाचलं.

संध्याकाळी आबांनी लंगोट घरी पाठवला. धुऊन, वाळवून, नीट घडी घालून. निरोप नाही. आमच्या तालमीत निरोप लागत नाही. खुंटी मोकळी केली की माणूस तालमीतून गेला.

सुमननं घडी तशीच ट्रंकेवर ठेवली. जेवण गेलं नाही.

१७ मे

आबांच्या घरी गेलो. उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

"आबा, जत्रंत हरलो म्हणून का?"

"हरणारं लय आल्यात माझ्याकडं. मी बी हरलोय."

"मग त्यो खेळ करतो म्हणून?"

"खेळ कर की. सोंगं काढ, उड्या मार, पोटापाण्याला काय बी कर. पण कोण पडणार ते दुपारीच ठरवायचं आन् वर पैलवान लिवायचं? आरं, त्यो शबुद मातीतला हाय. तुला मी दिलेला. त्यो तेवढा परत दे."

"मग काय लिवू?"

"तुजं तू बघ."

म्हाताऱ्याचं चुकलं कुठं? मला कुस्ती नको, तालीम हवी. पण तो शब्द काढून टाकला तर रेगे ठेवतील का?

२० मे. सांगली

नाही ठेवणार. "पैलवान नाही तर गर्दी नाही, दत्ताराव. गर्दी नाही तर तुम्ही नाही. साधा हिशोब आहे." मग जरा वेळानं, "बदली नाव काय लावणार? पेन्शनर?"

तोंडातून निघून गेलं, "फुटबॉलवाला."

रेगे हसले. मग हसायचे थांबले. म्हणाले, "एक खेळ बघू. नाव चाललं नाही तर घरी." पोस्टरं मात्र नवी छापणार नाहीत. ती माझी मीच बघायची.

२२ मे

सुमननं कागदाच्या पट्ट्या कापून ठळक अक्षरात लिहिल्या. तिचं अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी वळणदार. दोघं दिवसभर हिंडलो. मी सायकलला खळीचा डबा लावून पुढं, ती मागं बसून. शिराळा, इस्लामपूर, आष्टा. जिथं जिथं पैलवान, तिथं तिथं पट्टी. इस्लामपूरला एकानं हटकलं, "का वो, पोलिसांचं काय हाय का?" सुमन म्हणाली, "न्हाई वो. नाव चुकलं हुतं ह्येंचं."

हातांची कातडी खळीनं आवळली आहे. मन हलकं झालं. इतकं हलकं की आष्ट्याच्या चढाला सुमनला उतरू दिलं नाही.

२५ मे, शनिवार. सांगली

तंबू भरला. भोंग्यावर पुकारलं, "फुटबॉलवाला दत्ता!" टाळ्या तितक्याच, शिट्ट्या जास्त. दुसऱ्या फेरीत मुद्दाम अंग टाकून घसरलो आणि हात वर केला, "रेफरी!" तर अख्खा तंबू ओरडला, "फाउल!" तिसऱ्या फेरीत ठरल्याप्रमाणे हरलो. रेग्यांनी पाठीवर थाप मारली, पुढची पोस्टरं याच नावानं.

हुश्श. नोकरी राहिली. आबांचं काही कळलं नाही.

२७ मे. शिराळा

सकाळी आबांनी बोलावलं. जाऊन पाहतो तर तालमीबाहेर अंगणात गवत भरून पोती अंथरलेली, पोरं भोवती उभी.

"शनिवारी तिकीट काढून बसलो हुतो. पार मागं. तू पडताना हनुवटी छातीला टेकवतोस. ती युक्ती कुणी शिकवली?"

"फुटबॉलवाल्या सुभेदारानं."

"हितं गेल्या साली दोगांनी माना अवघडून घेतल्यात. मला उचलाया शिकवता येतं गड्या, पडाया न्हाई. ह्या पोत्यांवर शिकव समद्यांस्नी."

दोन तास पडत होतो. एकेकाला पाडत होतो. आबा कट्ट्यावर बसून बघत होते, मध्येच म्हणाले, "आणिक एकदा, सावकाश." म्हणजे ते स्वतः शिकत होते! मला रडू आलं, घाम पुसल्यासारखं केलं.

उद्याही बोलावलंय. पोत्यांवरच. आत मातीत उतरू का, ते मी विचारलं नाही. तेही बोलले नाहीत.