झाडांना बांधलेल्या पिशव्या

४ मार्च
ताईचं ठरलंच. आईने आम्हा दोघींच्या नावावर ठेवलेलं टेकडीवरचं जंगल लाकडाच्या व्यापाऱ्याला विकायचं. सोमवारी येतोय तो. "चिमणे, तुझी सही तेवढी हवी. गुडघे गेले माझे, वरच्या खोलीचा जिना चढवत नाही. तळमजल्यावर खोली घेईन म्हणते."

तिचंही खरंच. पण मी विचारलं, "जंगल गेल्यावर पाऊस कुठून यायचा?"

"समुद्रातून! शाळेत शिकलीस ना?"

जन्म गेला माझा पावसाच्या संशोधनात आणि घरात ऐकतं कोण!

५ मार्च
समुद्राचा पाऊस इथवर एका दमात येत नाही. वाटेतली जंगलं तो मुळांनी पितात, पानांनी परत हवेत सोडतात, वारा पुढे नेतो, पुन्हा पडतो. सांगून पटायचं नाही — दाखवलंच पाहिजे. उद्या सकाळी फांद्यांना पारदर्शक पिशव्या बांधते. दिवसभरात पानांनी सोडलेलं पाणी आत साठेल. संध्याकाळी ताईला दाखवायचं.

६ मार्च
संध्याकाळी टेकडीवर गेले तर एकही पिशवी नाही! घरी आले — सगळ्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या.

"अगं, कुण्या मेल्याने झाडांची तोंडं बांधली होती! घामाने डबडबली होती बिचारी. सोडवून आले."

"या गुडघ्यांनी चढलीस?"

"मग काय गुदमरू देऊ?"

"ताई, मीच बांधल्या होत्या."

"तू? लाज नाही वाटत?"

आणि सोमवारी करवत चालवायची ती? — ओठांवर आलं होतं, गिळलं. एवढंच म्हटलं, "तो घामच वर जातो आणि पाऊस होऊन पडतो."

तिने दोरीवरची एक पिशवी काढून उजेडात धरली.

७ मार्च
ताईच्या हातून चहात साखर दोनदा पडली. तशीच प्यायलो.

८ मार्च
रात्रभर तिचं कण्हणं ऐकलं. सकाळी ठरवलं, सही करायची. जंगलापेक्षा ती मोठी.

व्यापारी आला. ताईने त्याला चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली आणि म्हणाली, "काय करणार हो, धाकटी सही करत नाही. लहानपणापासूनची हट्टी!"

मी पेन उघडून बसले होते!!

माझी खालची खोली आजपासून तिची. पुस्तकं आणि मी माळ्यावर.

११ मार्च
सकाळपासून करवतींचा आवाज. आमच्या टेकडीवर नाही — पलीकडे, जिथून वारा आमच्याकडे येतो तिथे. ताईने विचारलं, "म्हणजे आपला पाऊस...?" मी मान हलवली.

"नुसती मान काय हलवतेस? काठी दे माझी, पलीकडे जाऊन अडवू त्यांना. एका दिवसात नाही तुटत सगळं."