आत्याच्या परसातला अँटेना

रोहा,
१२ जानेवारी १९८८

चि. सरूस,
मैनाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दादाने माझ्यावर हेरगिरी सोपवली आहे आणि ती मी चहा पाजून करते आहे. तुला ज्या रघूचे स्थळ सांगून आले आहे, तो आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहतो आणि इथल्या कंपनीत शिफ्टला जातो. आळीत टीव्ही आमच्याकडेच, म्हणून रविवारच्या सिनेमाला आणि बुधवारच्या मालिकेला तोही येतो. चपला नीट काढतो, पोराटोरांना पुढे बसवतो आणि खुर्ची दिली तरी जमिनीवर बसतो. तुझ्या आतोबांपेक्षा बरा, ते खुर्चीत बसतात आणि सिनेमाची नावे संपायच्या आत घोरतात.

खोड एकच. सिनेमा रंगात आला की हा उठतो आणि कुणी न सांगता परसात जाऊन अँटेनाचा खांब फिरवतो. चित्र लख्ख असते, हा बाहेर गेला की मुंग्याच मुंग्या. आतून आळी ओरडते, बाहेरून हा फिरवतो. चित्र येते तेव्हा निम्मी गोष्ट पुढे गेलेली असते आणि हा तोंड धुऊन आत येतो. मला बिडीचा संशय आहे.

बाकी परवाचा सिनेमा मला फार आवडला. कोळ्याची पोरगी आणि शाळामास्तर, गाणीही गोड. शेवटी मास्तर होडीत एकटाच का बसला होता ते कळले नाही, ती माहेरी गेली असावी. हल्ली उगाच रडवत नाहीत, हे एक चांगले झाले. मालिकेतले आजोबा मात्र बरेच दिवस दिसत नाहीत, काशीला गेले असतील. घरच्यांनी त्यांच्या फोटोला हार घातला आहे, मोठे प्रेमळ कुटुंब आहे.

दादावहिनींना नमस्कार. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.
तुझी,
मैनाआत्या

हमरापूर,
२१ जानेवारी १९८८

ती. सौ. आत्यास,
सरूचा सा. न. वि. वि.

कारखान्यात गणपतीचे डोळे आखताना तुझे पत्र वाचले, हे चुकलेच. मला हसू आवरेना, कुंचला हलला आणि एका गणपतीची भुवई वर गेली. बाबा म्हणाले की हा देव आता भक्तांवरच डाफरणार. पुसून पुन्हा काढली.

अगो आत्या, तो कोळ्याच्या पोरीचा सिनेमा मी पेणच्या टॉकीजमध्ये पाहिला आहे. ती माहेरी जात नाही, वादळात बुडते. आख्खे टॉकीज रडत होते. मी नाही रडले, कारण मास्तरच्या गालावर पाणी होते आणि डोळे कोरडे. दिवसभर डोळेच काढते मी, त्यातले खोटे मला लगेच दिसते. आणि आजोबा काशीला नाही गेले, वर गेले. जित्या माणसाच्या फोटोला हार कोण घालतो?

मग विचार केला की एवढे सगळे मेले आणि आत्याला कळले कसे नाही. तुझे चित्र नेमके कधी जाते ते जरा बघ. मला वाटते, कुणी मरायला टेकले की जाते.

हे चेष्टेवारी नेऊ नकोस. शिमग्याच्या आत हो की नाही ते कळवायचे, नाहीतर सुरतेचे स्थळ नक्की, असे बाबा म्हणतात. तो सुरतवाला मला बघायला आला तेव्हा त्याने डोळे न आखलेल्या मूर्तीला टिचकी मारली आणि आंधळा गणपती म्हणून हसला. मला त्याच्या घरात नाही नांदायचे. पण दुसरा बिडीवाला निघाला तर बाबांपुढे काय बोलू? मला भीती वाटते आहे.

उत्तराची वाट बघते. माया आहे तशीच असू दे.
तुझी,
सरू

रोहा,
१० फेब्रुवारी १९८८

चि. सरूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू वकील व्हायला हवी होतीस. या रविवारी पलटणीतून परतलेल्या मुलाचा सिनेमा होता. आंधळी आई त्याचे तोंड चाचपून त्याला ओळखते, तिथे रघू उठला. मीही पाठोपाठ उठले. परसात बघते तर हा खांबाला मिठी मारून हुंदके देतो आहे. खांब फिरवत नव्हताच गो तो. त्याच्या रडण्याने खांब हलत होता आणि आत मुंग्या येत होत्या.

मला बघून त्याची बोबडीच वळली. हात जोडून म्हणाला की आत्याबाय, कोनाला सांगू नका, कंपनीतली पोरं मला जगू देनार नाय. मी सांगत नाही म्हटले आणि आत जाऊन दादाला कार्ड लिहिले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला ठाऊक आहे. आता दादा काय म्हणेल याची मलाच धास्ती वाटते.

त्या आजोबांचे फार वाईट वाटले. आधी कळते तर त्या बुधवारी भजी तळली नसती.

सर्वांना यथायोग्य सांग. लोभ ठेव.
तुझी,
मैनाआत्या

हमरापूर,
१ मार्च १९८८

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझे कार्ड वाचून बाबा भडकलेच. पडद्यावरच्या मानसासाठी रडतो तो संसारात काय कामाचा नाय, म्हणाले, आणि सुरतेला कळवायला निघाले. मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्यापुढे तोंड उघडले. म्हटले की जो दुसऱ्याच्या आईसाठी रडतो तो माझ्या आईशी वाकडे बोलायचा नाही, मला हाच हवा. बाबांनी पायातल्या चपला परत काढल्या. मग म्हणाले की आधी मी त्याला बघतो.

परवा रविवारी रघूला पेणला बोलावले आणि आम्हा दोघांना टॉकीजला नेले. मधल्या खुर्चीत बाबा. सिनेमा म्हाताऱ्या बापाचा आणि त्याच्या एकुलत्या लेकीचा. लग्न होऊन ती होडीतून सासरी जाते, होडी दिसेनाशी होते, तरी म्हातारा धक्क्यावरून हलत नाही. सिनेमा तसा बेताचाच, लेक तर नुसती नटून बसलेली. पण म्हाताऱ्याचे डोळे खरे होते.

रघूची चुळबुळ सुरू झाली. इकडे बघतो, तिकडे बघतो, पण टॉकीजमध्ये कुठला अँटेना? शेवटी बिचाऱ्याने मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटले, संपले सगळे. तेवढ्यात बाबांनी पडद्यावरची नजर न काढता खांद्यावरचा पंचा त्याच्या मांडीवर टाकला. रघूने तो तोंडाला लावला आणि दचकून बाबांकडे बघितले. पंचा आधीच ओलाचिंब होता.

बाहेर आल्यावर बाबा आमच्या पुढे पुढे चालत राहिले. रामवाडीच्या नाक्यावर एकदम म्हणाले की रोहा काय लांब नाय, सुरत लांब. गुरुवारी होळी झाली की सुपारी फोडायला येतो आहोत.

लग्नानंतर बाबा दर रविवारी तुझ्याकडे सिनेमाला येणार म्हणतात. तेव्हा आतोबांना सांगून परसातला खांब पक्का करून घे, आता त्याला दोघे धरणार आहेत.

आशीर्वाद असू दे. आता शेजारीण होईन, तेव्हाही लोभ कमी करू नकोस.
तुझी,
सरू