परमुलखाशी साटंलोटं

पुंडलिकनगर, औरंगाबाद
१९ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप आक्का आणि दाजी यांना बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे कागदापुरतं. कंबर धरल्यापासून मी देवालाही उभ्यानंच हात जोडतो, आणि देवानं अजून तक्रार केलेली नाही.) इकडं सगळे खुशाल. दाजींचा खोकला आणि तुमची लाल गाय यांची खुशाली कळव. मागच्या पत्रात तू गाईवर दीड पान लिहिलंस आणि खोकला एका ओळीत उरकलास, तेव्हा गाय जास्त आजारी असणार असं मी धरून चाललो आहे.

पत्रास कारण की, आपली गोदावरी परदेशी जायची म्हणते. दचकू नकोस, लग्न करून नाही. अकरावीतल्या पोरांना वर्षभर दुसऱ्या देशातल्या शाळेत पाठवायचं, तिथल्या एखाद्या घरात ठेवायचं, आणि बदल्यात तिकडचं एक पोर वर्षभर आपल्या घरी सांभाळायचं, अशी इथल्या एका क्लबाची योजना आहे. गोदीनं कोणाला न विचारता त्याची परीक्षा दिली आणि (माझी मुलगी असूनही) पहिली आली. क्लबानं तीन देश पुढं ठेवले: जपान, ब्राझील आणि फिनलंड. त्यातला एक लिहून तीस तारखेच्या आत फॉर्म द्यायचा, नाही तर ती जागा दुसऱ्या नंबरला, म्हणजे गल्लीतल्या काकासाहेबांच्या मुलीला जाणार. तेव्हापासून गोदी जेवताना ताटाकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघते.

तू म्हणशील, त्यात काय अवघड आहे, एक नाव लिहून मोकळं व्हायचं. पण आक्का, मी बावीस वर्षं बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. कन्नडची गाडी कितीला आणि सिल्लोडची कोणत्या फलाटावर हे मी झोपेतही सांगतो (गोदीची आई म्हणते, सांगतोच), आणि स्वतः मनमाडच्या पुढं कधी गेलेलो नाही. तरी घरात प्रवासातला जाणकार मीच. तेव्हा मी गोदीच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली. माझा नियम साधा आहे, जिथं गाडी कमी वेळा बदलावी लागते ते गाव चांगलं. ब्राझीलला तीनदा विमान बदलावं लागतं असं कळलं, मी ते तिथल्या तिथं कापलं. ही पोरगी तुझ्याकडून येताना सिल्लोडला गाडी बदलायला उतरली आणि भोकरदनला जाऊन पोचली होती. विमानाला तर मधे हात दाखवून उतरायचीही सोय नसते. जपान गोदीच्या आईनं कापलं, कारण तिथं मासा कच्चा खातात असं तिनं वाचलं आणि आपल्या घरात तो शिजवलेलाही कधी आला नाही. राहिलं फिनलंड. तिथं हिवाळ्यात दुपारी तीनलाच अंधार पडतो असं मला लायब्ररीतल्या पुस्तकात सापडलं. मग धुतलेले कपडे वाळणार कधी, असं गोदीच्या आईनं विचारलं, आणि फिनलंडही गेलं. अशा रीतीनं तीन दिवसांत आम्ही तिन्ही देश संपवले. गोदीनं नकाशा घडी करून ठेवला आणि घडीवर जरा जोरात हात फिरवला, एवढंच.

मग मी निजामुद्दीनभाईला विचारलं. हा अजिंठ्याच्या लेण्यांपाशी रंगीत दगड विकतो. सोमवारी लेणी बंद, म्हणून त्या दिवशी शहरात माल घ्यायला येतो आणि परतीच्या गाडीपर्यंत माझ्या खिडकीपाशी चहा पीत बसतो. वीस वर्षं सगळं जग त्याच्यासमोरून पायऱ्या चढून गेलेलं आहे, त्यामुळं त्याच्याइतका परदेशाचा माहितगार आपल्या जिल्ह्यात दुसरा नाही. त्यानं आधी माझी फूटपट्टीच मोडीत काढली. कोण काय घेतं ते बघू नका, तुमचं नाव कोण विचारतं ते बघा, हा त्याचा हिशेब. जपानी माणूस वाकून नमस्कार करतो, फोटो काढतो, पण लाजेनं नाव विचारत नाही. ब्राझीलवाला नाव विचारायच्या आधीच गळ्यात पडतो. आणि फिनलंड? "उदर की बीस बरस में एकच बुढिया आयी, भाई. मेरा नाम पूछी, बच्चों के नाम पूछी, लिख के ले गयी. फिर कारड भेजी. निजामुद्दीन, अजिंठा, इत्ताच पत्ता. तो बी पोचा." मी म्हटलं, एका म्हातारीवरून अख्खा देश कसा ठरवायचा? तर म्हणाला, "तुम सोयरीक करते तो कित्ते लोगां देखते?" तेवढ्यात त्याच्या गाडीची वेळ झाली, ती मीच पुकारली.

आता आईचं. आई आपली या घरात साट्यात आली आणि तिच्या बदल्यात द्वारकाआत्या मामाला दिली, हे मी तुला काय सांगायचं. इकडं आईला कोणी वाकडं बोललं की तिकडं आत्याच्या ताटातली भाकरी कमी व्हायची, हे तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहेस. तर आपली तिकडं, त्यांची इकडं, एवढं कानावर पडलं मात्र, आई म्हणाली, "म्हंजी साटंलोटं. मंग आधीच सांगायचं नाय का." आम्ही सगळ्यांनी समजावलं, काही उपयोग झाला नाही. उलट घरात गोदीला पाठवायला राजी झालेलं पहिलं माणूस आईच. त्यांची आपल्याकडं असल्यावर आपलीला कोण हात लावतंय, असं तिचं म्हणणं, आणि खरं सांगतो, ते ऐकून मलाही दोन दिवस बरी झोप लागली.

गेल्या रविवारी क्लबाची मंडळी घर पाहायला आली. नानासाहेब म्हणून एक सफारीतले गृहस्थ आणि वही घेतलेल्या एक बाई. आईनं ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढलं होतं. पोहे झाले, पानसुपारी झाली. मग आईनं विचारलं, तिकडच्या मंडळींना जमीन किती? नानासाहेब म्हणाले, आजी, हे लग्न नाही. आई म्हणाली, मंग पोरगी वर्षभर कशाला ठेवता? नानासाहेबांना ठसका लागला. (पोहे जरा कोरडेच झाले होते.) पुढं आईनं बजावून सांगितलं, आमच्या पोरीला तिकडं जसं वागवतील, तसंच आम्ही त्यांच्या पोरीला इकडं वागवू, तसूभर इकडं-तिकडं नाही. वहीवाल्या बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी 'समान वागणूक, अत्युत्तम' असं लिहून घेतलं. ती धमकी होती हे त्या खोलीत फक्त मला कळलं, आणि मी पोहे खात राहिलो.

घोटाळा त्याच्या पुढं झाला. गोदी ज्या घरात राहील त्याच घरची मुलगी आपल्याकडं येईल असं नाही, देश तेवढा एक, घर भलतंच, असं नानासाहेब बोलून गेले. आईचा चेहराच उतरला. "मंग साटं कसलं हे?" म्हणाली, आणि पानसुपारीचं तबक उचलून घेतलं. मंडळींनी पाहुणीची खोली पाहिली, पसंत केली आणि ती गेली. तर सध्या असं आहे: घर पसंत, पोरगी पास, आई नाराज, देश एकही शिल्लक नाही, आणि हातात अकरा दिवस. तू सगळ्यांत मोठी. तिघांपैकी तुला कोणता देश बरा वाटतो ते उलट टपाली कळव. दाजींनाही विचार, पण जोर देऊन नको, खोकला वाढेल.

तुझा धाकटा भाऊ,
बद्रीनाथ

ता. क. आक्का, तीन पानं देशांवर घातली, पण अडचण देशाची नाहीच. पाहुणीला स्वतंत्र खोली लागते, तिला दार हवं आणि खिडकी हवी, असा नियम आहे. 'खोली दाखवा' म्हटल्यावर मी गडबडून मागच्या खोलीचं दार उघडलं आणि 'ही' म्हणालो. ती आईची खोली. आई माझ्या मागंच उभी होती. त्या संध्याकाळपासून ती आपली गाठोडी बांधून एका कोपऱ्यात लावते आहे, आणि या चार दिवसांत तिच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत झालेली नाही. तेव्हा एवढं कर. तू काहीतरी दुखणं काढ आणि आईला वर्षभर तुझ्याकडं पिशोरला बोलावून घे. साधारण पुढच्या ऑगस्टपासून त्यापुढच्या जूनपर्यंत दुखलं तर फार बरं होईल. तुझ्यासाठी जातेय म्हटल्यावर तिला घराबाहेर काढल्यासारखं वाटणार नाही, आणि मला काढल्यासारखं वाटणार नाही. माझी मला लाज वाटते आहे, पण गोदीकडं बघून लिहितो.

ता. क. दुसरा. वरचं दुखणं रद्द समज. तुला जाणारं प्रत्येक पत्र पाकिटात घालायच्या आधी आई माझ्याकडून वाचून घेते हे तुला माहीत आहे. मी तीन पानं वाचली आणि चौथं घडीत सरकवलं. आईला अक्षर येत नाही, पण पानं मोजता येतात. तिनं ते गोदीच्या हातात दिलं आणि मला पाणी भरायला पाठवलं. गोदीनं ऑगस्टपासून जूनपर्यंत सगळं खणखणीत वाचलं. मी नळापाशी होतो, मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. मग आईनं मला आत बोलावलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, "मी साट्यात आले तवा चवदा वर्सांची होते. मलाबी येगळी खोली दिली होती. पयले आठ दिस कोणी वंगाळ बोललं नाय, कोणी बोललंच नाय. भ्या वाटलं तर मी काय दाराला सांगायचं व्हतं का? त्या पोरीला खाट दे. मी खाली झोपते तिच्यापाशी. नियम मी सांगते नानासाहेबाला."

मी म्हटलं, पण ती त्याच घरची नसणार, तुझं साटं कुठं बसतं त्यात? तर म्हणाली, "न बसू दे. तिकडबी कोणत्या ना कोणत्या घरात म्हातारी असंलच की. मी हिच्यापाशी झोपले, तर ती गोदीपाशी झोपंल."

हे ऐकून गोदी उठली, फॉर्म काढला आणि माझ्याच पेनानं 'फिनलंड' लिहिलं. तो देश कुठं आहे हे आईनं विचारलंसुद्धा नाही. विचारलं ते एवढंच, की तिकडं थंडी किती, आणि मी सांगितलं. म्हणून आईचा निरोप लिहितो: आक्कीला म्हणावं, आजारी पडू नको, बसून दोन जाड गोधड्या शिव. एक गोदीला, आणि एक तिकडच्या त्या म्हातारीला. वर्षभर भुईवर झोपायचं आहे तिला.