चटका न लागणारी बोटं

प्रिय कोरिन,

शिकारीच्या तळावर पोचल्या पोचल्या दोन बार काढून नेम तपासायची तुझी सवय मला माहीत आहे. या वेळी तपासू नकोस. लायलने हंगामासाठी तुला भरून दिलेल्या डब्यातलं एकही काडतूस उडवू नकोस. रायफलीत घातलं असशील तर आधी काढ, मग पुढचं वाच. तिथे फोन लागत नाही, आणि बॉइड सामानाची खेचरं घेऊन तळाकडे निघालाच होता, म्हणून त्याच्या हाती हे देते आहे. बॉइड दारात उभा आहे आणि लायल अजून झोपलेला आहे, दोघांच्या मध्ये बसून लिहिते आहे.

तुझ्या भावाची तऱ्हा मी तुला काय सांगणार. काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरून चार-पाचदा उडवली आणि तिचं तोंड कडक झालं की गोळीवरची त्याची पकड सारखी राहत नाही आणि नेम चळतो, म्हणून ते तापवून मऊ करायचं. बाकीचे लोक अंधार करून बसतात, पितळ जरासं लालसर दिसलं की ज्योतीतून काढतात. आपला शहाणा मात्र भर उजेडात, बूड उघड्या बोटांत धरून तोंड ज्योतीत फिरवणार आणि चटका बसला की पाण्यात टाकणार. ‘डोळा फसवतो, बोट फसवत नाही,’ हे तुमच्या वडिलांचं वाक्य तो स्वतःचं असल्यासारखं म्हणतो. पण पद्धत खरी होती. चटका बसला म्हणजे आच बुडाकडे निघाली. बूड मऊ पडून चालत नाही, कारण बार निघाला की सगळा जोर त्या बुडावर येतो आणि बुडामागे आपला चेहरा असतो.

वसंतात डॉक्टर म्हणाले, साखरेच्या आजाराने पायाच्या नसा बधिर झाल्यात, हातांचं काय? तर हा म्हणतो कसा, ‘हात ठणठणीत आहेत, सुईत दोरा ओवून दाखवू?’ शर्टाची बटणं उन्हाळ्यापासून मी लावते, कोरिन. मग एकदा याने भट्टीतून मक्याच्या पावाचा तवा फडक्याशिवाय उचलला, शांतपणे टेबलावर ठेवला आणि मला म्हणाला, ‘बघत काय बसलीस, लोणी आण.’ बोटांवर फोड आले होते. काही ताजे, काही जुने. मी घर डोक्यावर घेतलं. माझं तोंड बंद व्हावं म्हणून त्याने वेल्डिंगचे जाड कातडी हातमोजे आणले आणि ते घालून पितळ तापवायला बसू लागला. मी खूश. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदाचं ऐकलं म्हटलं. मोज्यातून चटका लागत नाही, मग थांब म्हणणार कोण, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या डब्यातलं पितळही तेच मोजे घालून तापवलेलं आहे.

रविवारी खडीच्या खाणीमागे तो नेम लावायला गेला, मीही गेले. पहिल्याच बाराला रायफलीच्या मागचा सरकता बोल्ट अडकला. लाकडाच्या ठोकळ्याने हाणून उघडावा लागला. पुंगळी बाहेर आली आणि तिच्या बुडातली ठिणगीची टोपी सुटून गवतात पडली. ‘रायफल तेल मागते आहे,’ म्हणाला. मी पुंगळी उचलली. निळसर डाग मानेपाशी थांबायला हवा, तो पार बुडापर्यंत उतरला होता. मी ती त्याच्यासमोर धरली. त्याने पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाला, ‘पितळ जुनं आहे, एवढंच. तू आता मला शिकवणार का?’ मग उरलेली काडतुसं खिशात घातली. परवा हंगाम उघडताच तीच घेऊन तो वर तुझ्याकडे येणार आहे. मला भीती वाटते. त्याच्या डोळ्यांची वाटते आणि तुझ्याही.

आपल्याकडे दुसऱ्याने भरलेलं काडतूस कोणी उडवत नाही, सख्ख्या भावाचंही नाही. माणूस गेला की त्याचे भरलेले डबेसुद्धा लोक खोलून दारू ओतून टाकतात. तू एकटी लायलचं न विचारता उडवत आलीस. ‘कोरिनचा विमा बराच मोठा दिसतो,’ असं बॉइड चिडवतो, ते हा घरी आल्यावर छाती फुगवून मला पुन्हा सांगतो. दरवर्षी सांगतो.

नुसतं सावध करायचं असतं तर बॉइडकडे तोंडी निरोप दिला असता. काडतुसं लपवली तर हा नवी भरेल. म्हणून तो झोपला असताना मी त्याच्या रायफलीचा बोल्ट काढून घेतला, त्याशिवाय ती उडणार नाही. फडक्यात गुंडाळून बॉइडच्या खोगीरपिशवीत ठेवला आहे, बॉइडलाही माहीत नाही. तो बोल्ट घे आणि उद्याच खाली ये. पहिला दिवस बुडेल, बुडू दे. बोल्ट लायलच्या हातात दे आणि त्याच्याकडे बघून सांग, ‘यापुढे तुझी काडतुसं मी उडवणार नाही.’ मी सांगितलं तर ती बायकोची कटकट. तू सांगितलंस तर त्याला हात आवरावे लागतील. तो आतून मोडेल, हे मला ठाऊक आहे. तरी सांग. सांगून झालं की तू परत वर जा, तो माझ्यापाशी राहील.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
व्हर्ना