आवाजातल्या फटी

सोमवार, ३
आलो, रुजू झालो, चहा झाला. रुग्णवाहिका नियंत्रण कक्षाच्या वरचीच खोली मिळाली आहे, म्हणजे कामावर जायला बारा पायऱ्या उतरल्या की झालं. खोलीत ऑफिसचाच फोन आहे. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात ताई नर्स आहे, आई तिच्याकडेच असते, आणि तो दवाखाना आमच्याच लाइनवर. त्यामुळे रोज चार वाजता ताईच्या टेबलावरून मला फोन करायचा, हे आईने परस्पर ठरवूनही टाकलं. आज पहिला आला. जेवलास का, पांघरूण आहे का, पायऱ्या सावकाश उतर. मला तेहेतिसावं लागलंय हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

गुरुवार, ६
डोंगरापलीकडे जाणारी लाइन एकच, आणि तीही अरुंद. कॅमेऱ्यांची चित्रं, एक्स-रे, हजेरीचे तक्ते आणि माणसांचे आवाज, सगळे त्याच एका दारातून घुसतात. एक्स-रे दोन मिनिटं उशिरा पोचला तर काही बिघडत नाही. आवाजाचं तसं नाही. तो बारीक बारीक तुकड्यांनी जातो, आणि उशिरा आलेला तुकडा फोन फेकूनच देतो. ऑपरेटरबाई म्हणाल्या, चालकाला अर्धा पत्ता ऐकू येतो, उरलेला त्याने देवावर सोडायचा. मी दिवसभर बसून लाइनच्या यंत्रात नियम लिहिला: आधी रुग्णवाहिकेचे आवाज, मग बाकीचं सगळं, आणि अगदी शेवटी खाजगी फोन. स्वतःच्या आईलाही रांगेत शेवटी उभं केलं. बाईंनी तोंडभरून कौतुक केलं. मी जरा हवेतच आहे.

मंगळवार, ११
सकाळी ताईचा फोन. आवाज फार तुटत होता. आई… सारखी… तुझी… एवढंच कळलं. आठवण काढत असणार. मी म्हणालो, तिला सांग, पुढच्या महिन्यात येतो, आणि ठेवला. खाली कामं तुंबली होती.
चार वाजता आईचा फोन आला, तो मात्र लख्ख. जेवलास का.

शुक्रवार, १४
आज आई बोलत असताना सहज लाइनचे आकडे उघडले. तिकडून येणारे तुकडे: शून्य. मोजणीत काहीतरी घोळ असेल. फोनात एक सोय असते खरी. मधला तुकडा हरवला तर आधीच्या आवाजावरून अंदाज बांधून तो फट बुजवतो, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण ती पापणी लवण्याइतक्या फटीपुरती.
आई अकरा मिनिटं बोलली.

सोमवार, १७
दवाखान्याच्या गाडीचा चालक ताईची चिठ्ठी घेऊन आला. देताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
आई अकरा तारखेला गेली. त्या सकाळी ताई सांगत होती, आई सारखी तुझी वाट बघतेय, तासाभराचीच आहे, दोन शब्द बोल तिच्याशी. फोन आईच्या कानाशी धरलेला होता. पुढच्या महिन्यात येतो, हे आईने स्वतः ऐकलं. ताईने विचारलंय, तू एवढा दगड कधी झालास.
खाजगी फोन शेवटी. नियम माझाच.
चार वाजता फोन वाजला. उचलला. पायऱ्या सावकाश उतर, म्हणाली. मी लहान मुलासारखा रडलो. मधेच तिने विचारलं, पांघरूण आहे का.

बुधवार, १९
पहिल्या आठवड्याभरात ती फोनवर बोलली होती तेवढंच बोलते. जिवंत होती तेव्हाही तेच तेच विचारायची, म्हणून मला कळलं नाही. आज माफी मागितली. त्यावर तिच्याकडे शब्द नाहीत. माझी माफी तिने कधी ऐकलीच नव्हती.
आवाज बारीक होत चाललाय. मी नियम बदलला. आई पहिली, रुग्णवाहिका तिच्या मागे. थोडे दिवसच. कुणाला कळणार नाही.

शनिवार, २२
चारला सुरू झालेला फोन आता संपतच नाही. ठेवला तरी आत बोलणं चालू असतं.
खाली पत्ते तुटतायत. काल गाडी भलत्याच गल्लीत शिरली. वीस मिनिटं गेली. माणूस हाती लागला नाही. बाईंनी विचारलं, नियमात हात घातलास का. मी नाही म्हणालो. बाई रडत होत्या —

सोमवार, २४
ताईचा फोन. दवाखान्यात भाजलेला माणूस, मोठ्या रुग्णालयात न्यायला गाडी हवी. ती बोलते, तुटते, आणि फटीत आई —
गाडी लव — जेवलास का — श्वास घेता येत — पांघरूण —
आई, सोड आता, म्हणालो. ताई खोळंबलीय.
म्हणाली, ताईला थांबू दे.
हे ती आयुष्यात कधी म्हणाली नव्हती. म्हणालीच नसती.
नियम उघडला. आई पहिली, एकदा वाचलं. पुसला.

मंगळवार, २५
सकाळी ताई स्वच्छ ऐकू आली. माणूस वाचेल. तुटलेल्या फोनचं सगळं सांगितलं तिला. दोघंही रडलो. मला पुढे बोलवेना, गप्प झालो. तशी तिने विचारलं, तुझ्याजवळ कोण आहे.
कुणी नाही, म्हणालो.
पुन्हा गप्प झालो —
ताई म्हणाली, तू थांबलास की मधे आई बोलते.
मला काहीच ऐकू येत नव्हतं. फोन ठेवला.

चार. ताईचाच. बोलत राहायचं, फट ठेवायची नाही. सुचेल ते. पाढे म्हणतोय, एका हाताने हे लिहितोय. तिच्या टेबलावर दुसरा फोन वाजतोय, मला ऐकू येतोय, कुणालातरी गाडी हवी असणार, ती उचलत नाही. ताई, तो उचल —
म्हणाली, तू जरा गप्प बस ना रे. तुझं झालं तिच्याशी बोलून. आता मला ऐकू दे.
घसा सुकलाय — पंधरा एके पंधरा, पंधरा दुणे तीस — तो फोन अजून वाजतोय — ताई, ठेव हा — ती म्हणतेय गप्प, गप्प बस, आई आत्ता मला