अल्लीपुरावरून गेलेला दिवा

पुलगाव,
१४ डिसेंबर १९८३

प्रिय देवका,

माझं अक्षर पाहून तू पाकीट आधी फडताळात टाकशील आणि जेवण झाल्यावर उघडशील, हे मला ठाऊक आहे. लहानपणीही पोटात काही गेल्याशिवाय तुझा रुसवा निघत नसे. तेव्हा जेवून घे आणि मग वाच. तुझ्या भाऊजींची तब्येत बरी नाही.

गेल्या हिवाळ्यातल्या त्या संध्याकाळचं तू लोकांकडून ऐकलंस, माझ्याकडून कधीच नाही. इथल्या लष्करी डेपोच्या मनोऱ्यावर आगीची राखण करायची, हे ह्यांचं काम. दिवेलागणीला उगवतीकडून एक दिवा आला आणि दारूगोळ्याच्या शेडवर येऊन थांबला. आवाज काही नव्हता. तिथे पहिल्या दिवसापासून शिकवतात, आधी भोंगा, मग विचार. ह्यांनी भोंगा दिला. आमच्या गावात घरोघरी दाराशी बोचकं बांधलेलंच असतं. भोंगा झाला की चुलीवरचं चुलीवर टाकून वावराकडे पळायचं. आई हिवाळ्यापुरती आमच्याकडे आली होती. तिचा हात माझ्या हातात होता, तरी नाल्याच्या उतारावर ती दगडांवर पडली. भोंगा थांबला तेव्हा कुठे काही जळलं नव्हतं आणि आभाळ रिकामं होतं. आई पुन्हा उठली नाही. जाताना जावयाचंच विचारत होती, किसनरावले काई लागलं तं नाई?

मग चौकशीला बाहेरून लष्कराचे साहेब आले. माणसं सभ्य होती, पण एकाने ह्यांना विचारलं, नजर कैसी है, पीते हो क्या? सुपारीही न खाणाऱ्या माणसाला. दुसरा म्हणाला, शुक्राची चांदणी असेल. हे म्हणाले, साहेब, चांदणी मावळतीले असते, हे उगवतीकडून आलं. साहेबांनी गावालाही विचारलं, पण पळणारा पायाखाली बघतो, वर कोण बघणार? कारण सापडलं नाही, एवढं लिहून ते गेले. ह्यांना मनोऱ्यावरून खाली उतरवलं आणि पाण्याचे पाइप गुंडाळायला लावलं. तेही ह्यांनी सोसलं. पण आईच्या दहाव्याला तू सगळ्यांदेखत म्हणालीस, तुमी भोंगा देल्ला नसता तं माय असती. ते मात्र ह्यांच्या काळजात रुतून बसलं. तेव्हापासून तू आमचा उंबरा चढली नाहीस. तुला दोष देत नाही. पण देवका, ती माझीही आई होती गं.

आता सांज झाली की हे खिडक्या लावून घेतात. आजवर निदान म्हणायचे, कोणी मानो न मानो, मी पाह्यलं. गेल्या महिन्यात जेवता जेवता ताट सरकवलं आणि म्हणाले, नलू, मले काई दिसलंच नसन, मीच मारलं मायले. तेव्हापासून अन्नावरची वासनाच गेली आहे. उठायला बसायलाही आधार लागतो.

वैशाखात सिंदी मेघे गावी लग्नात तू बायकांना सांगत होतीस, त्या सांजेले आमी अल्लीपुरच्या वावरात गाडीत कापूस भरून राह्यलो होतो, माथ्यावरून दिवा गेला, आवाज ना काई, सरळ पुलगावकडे. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मायच्या पडण्याची तार आली. मागे वळलीस तर मी उभी. तू उठून मांडवात निघून गेलीस. परवा धीर करून ह्यांना हे सांगितलं. म्हणाले, माह्या मनाले बरं वाटावं म्हून तू रचून राह्यली. बायकोचं कोण खरं मानतो? तू मात्र ह्यांच्या समाधानासाठी खोटं बोलणार नाहीस, हे ते चांगलं जाणतात. तुझा राग खरा आहे, म्हणून तुझा शब्दही त्यांना खरा वाटेल. माफ करायला ये म्हणत नाही. हवा तेवढा राग घेऊन ये, आमच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नकोस. फक्त त्यांच्यासमोर बस, त्या संध्याकाळी अल्लीपुरात तुला काय दिसलं तेवढं सांग आणि परत जा. पण लवकर ये.

तुझीच,
नलूताई