बादली रिकामी ठेवल्याबद्दल मिळालेले प्रशंसापत्र परत करण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
नाट्यगृह व वेशभूषा भांडार,
दुसरा मजला, खिडकीकडील खोली.

विषय : तळघरातील यंत्रांचे नवे फिल्टर मिळणे, वहिनींवरील नोटीस रद्द होणे व माझे प्रशंसापत्र परत घेतले जाणे.

संदर्भ : आपली दोन पत्रे. एक मला शाबासकीचे, एक वहिनींना नोटिशीचे. तारखा दोन, सही एक.

महोदय,

वेशभूषा भांडारातली बुरशी आपल्या कार्यालयाने वाढवली आणि तिचा ठपका एका बाईवर ठेवला. हेच मी जरा वळसे घेऊन लिहू शकलो असतो, पण परवा त्या बाईची सुनावणी आहे.

१. मी तळघरातला यंत्रचालक. माझ्या ताब्यात दोन मोठे डीह्युमिडिफायर आहेत. त्यांचे काम सोपे आहे. पंखा खोलीतली दमट हवा आत ओढतो, थंड नळ्यांवर त्या हवेतले पाणी धरते आणि खालच्या बादलीत ठिबकते. हवा आत जाते ती फिल्टरमधून. आमच्याकडे मखमल, लोकर, खोटे केस आणि तोंडाला फासायची पावडर यांचा धुरळा कायम उडत असतो, म्हणून फिल्टर वेळच्या वेळी बदलावाच लागतो. नाही बदलला तर तो तुंबतो, हवा अडते, नळ्यांवर बर्फ चढतो आणि बादलीत थेंब पडत नाही. म्हणजे बादली कोरडी आणि खोली ओली. एवढे कृपया ध्यानात ठेवावे. पुढची सगळी भानगड एवढ्यावरच उभी आहे.

२. तळघरातले कपडे ज्या सांभाळतात त्या माझ्या सख्ख्या वहिनी. आपण हे नाते शोधून काढण्याआधी मीच सांगून टाकतो. थोरला भाऊ गेला तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. वहिनींनी मला वाढवले, इथे कामाला लावले, आणि जुन्या नाटकांच्या रद्दीत निघालेल्या वह्यांवर मी वाचायला शिकलो. त्यामुळे या अर्जाची भाषा कुठे राजाची तर कुठे हुजऱ्याची वाटल्यास माफी असावी.

३. आपली तपासणी समिती तळघरात उतरली तेव्हा मी नुकतेच नवे फिल्टर बसवले होते. यंत्रे जोरात चालू होती आणि बादल्या काठोकाठ भरल्या होत्या. मला वाटले, आता पाठीवर थाप पडणार. समितीच्या अध्यक्षांनी बादलीत बोट बुडवले, ते रुमालाला पुसले आणि म्हणाले, "बाप रे, इतकी ओल? आणि ही कधीपासून?" मी सरळ माणूस. म्हणालो, "साहेब, नवा फिल्टर घातल्यापासून." झाले. अहवालात आले की नव्या फिल्टरमुळे खोलीत पाणी येत असून जुने फिल्टर तात्काळ पूर्ववत बसवावेत. मी समजवायला तोंड उघडले, तर मला सांगण्यात आले की समितीत इंजिनिअर आहेत. ते होते, जिन्यात फोनवर बोलत.

४. जुने फिल्टर कचऱ्यात गेले होते. ते मी कचरा उपसून शोधले. धुरळ्याने इतके जाड झाले होते की आमचा दाढी-मिशांचा कारागीर ते हातात घेऊन म्हणाला, "याची म्हाताऱ्या राजाची दाढी झकास होईल, फेकू नकोस." मी ते लेखी आदेशानुसार यंत्रात परत बसवले. नवे फिल्टर आपण "ओल निर्माण करणाऱ्या वस्तू" म्हणून स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवले. बादल्या अर्थातच आटल्या. आपण खाली येऊन रिकाम्या बादलीसोबत फोटो काढला आणि मला चौकटीतले प्रशंसापत्र दिले. तेव्हा मी नको म्हणालो होतो. आपण त्याला विनय समजलात.

५. मग परिपत्रक निघाले की सर्व विभागांनी तळघराचा आदर्श घेऊन आपापल्या बादल्या रिकाम्या ठेवाव्यात. शिपायाने आदर्श घेतला आणि आग विझवण्यासाठी भरून टांगलेल्या लाल बादल्यासुद्धा ओतून टाकल्या. त्यालाही शाबासकी मिळाली. तो मला म्हणतो, "तू पहिला आलास, मी दुसरा."

६. इकडे खाली कपड्यांना हिरवी लव फुटली. वहिनी ब्रश घेऊन एकेक झगा झटकत बसायच्या, खोकायच्या, पुन्हा झटकायच्या. मी म्हणालो, कपाट उघडून फिल्टर काढतो, गुपचूप बसवतो. त्या म्हणाल्या, "खबरदार. बादली भरली की म्हणतील, भाऊजींनी पाणी ओतलं. हक्काचं आहे ते मागून घ्या." त्याप्रमाणे मी मागत राहिलो, आणि आपण दरवेळी बादली रिकामी आहे ना एवढेच विचारत राहिलात.

७. शेवटी नाटकात राजाच्या अंगावर त्यातलाच एक मखमली झगा चढला. राजा तिसऱ्या अंकात मरतो. मेला, राणी त्याच्या छातीवर कोसळली, बुरशी उडाली आणि मेलेला राजा शिंकला. राणीला काही सुचेना, ती म्हणाली, "जपा हो." प्रेक्षक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. पडदा पाडावा लागला. राजाचे काम करणारे गृहस्थ तसेच झग्यासकट आपल्या खोलीत आले, हे आपणांस आठवत असेल.

८. दुसऱ्याच दिवशी वहिनींना नोटीस. तिच्यातले वाक्य मला पाठ झाले आहे : "ज्याअर्थी बादली रिकामी असल्याने खोली कोरडी असल्याचे सिद्ध होते, त्याअर्थी आपण कपडे ओले ठेवल्याचे सिद्ध होते, सबब आपणांस कामावरून का काढू नये?" उभे आयुष्य ज्या बाईने दुसऱ्यांचे कपडे वाळवण्यात घालवले तिच्यावर हा आरोप! वहिनी ते वाचून हसल्या. म्हणाल्या, "माझ्याविरुद्ध साक्षीदार कोण, तर बादली. आणि तिचं म्हणणं लगेच पटलं सगळ्यांना." मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्यांच्याकडे दुसरे काम नाही आणि या वयात कोणी देणारही नाही.

९. तरी सुनावणीआधी कपाटाचे कुलूप उघडून नवे फिल्टर माझ्या हाती द्यावेत. ते मी समितीसमोर बसवतो. समितीने यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसावे आणि बादली भरताना डोळ्यांनी पाहावी. ते पाणी वहिनींनी ओतलेले नसेल, मीही नाही. ते आपल्या झग्यांतून, बुटांतून, भिंतींतून आणि समिती बसली असेल तर समितीच्या कोटांतून आलेले असेल. यापुढे फिल्टर वेळच्या वेळी बदलण्याचा आदेश लेखी द्यावा आणि नोटीस फाडावी.

१०. राहता राहिले माझे प्रशंसापत्र. ते आपल्याच हुकमावरून तळघरात यंत्राच्या वर टांगले होते. काल पुसायला काढले तर काचेच्या आत बुरशी. कोपऱ्यातून सुरू होऊन ती थेट आपल्या सहीवर येऊन बसली आहे. ही चौकट मीच टांगली, मीच काढली. वहिनींनी तिला कधी हात लावलेला नाही, ती धुतली नाही, पिळली नाही, ओली ठेवली नाही. तर मग साहेब, हा कागद कोणी ओला केला? माझी शाबासकी खरी की वहिनींची नोटीस खरी, हे पुढे बघू. आधी या एका प्रश्नाचे उत्तर सुनावणीपूर्वी लेखी द्यावे.

उत्तर हाती पडेपर्यंत आपल्या दाराशी उभा असलेला,

यंत्रचालक, तळघर
(सही)

दिनांक : ९ सप्टेंबर

सोबत :
१) प्रशंसापत्र, चौकट व बुरशीसह. उघडताना नाकाला रुमाल धरावा.
२) उत्तरासाठी एक कोरा कागद. कोरडा आहे तोवर वापरावा.